अमेरिकन यादवी युद्धातली सर्वांत निर्णायक लढाई कोणती?

बहुतेक जण गेटिसबर्ग म्हणतील (१ ते ३ जुलै १८६३). तिथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले आणि दक्षिणेचा सेनापती जनरल ली याला माघार घ्यावी लागली. पण माझं मत विक्सबर्गला, म्हणजे मिसिसिपी नदीकाठच्या, दक्षिणेच्या ताब्यातल्या शहराच्या लढाईला. उत्तरेचा जनरल ग्रँट याचे दोन थेट हल्ले फसले, तेव्हा त्याने वेढा घातला. तोफांपासून वाचायला लोक टेकड्यांत गुहा खोदून राहिले, खेचरांचं मांस खायची पाळी आली. ४ जुलै १८६३ ला दक्षिणेच्या सुमारे २९,००० सैनिकांनी शस्त्रं ठेवली. पाठोपाठ त्याच नदीवरचं दक्षिणेचं ठाणं पोर्ट हडसनही पडलं, मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि दक्षिणेचे सरळ दोन तुकडे झाले. राजकीय परिणाम बघायचा असेल तर मात्र अँटिटमची लढाई (१७ सप्टेंबर १८६२): तिच्यानंतर पाचच दिवसांत लिंकनने गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली.