ट्रे उघडतो, दिवा लागतो, तरी डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही

खारघरच्या सदस्यांनी लिहिलंय की लग्नाच्या डीव्हीडी बघायच्या आहेत, पण लिनक्स मिंट टाकलेल्या लॅपटॉपवर डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही, ट्रे मात्र उघडतो, आणि दुकानदार म्हणतो, 'विंडोज टाका, लिनक्समुळे होतंय.' कृपा करून फॉरमॅटला देऊ नका. ठाण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरने याच निदानावर माझा लॅपटॉप फॉरमॅट केला. डेटा गेला आणि ड्राइव्ह होता तसाच बंद. बायोस (लॅपटॉप सुरू होताना, विंडोज किंवा लिनक्सच्याही आधी उघडणारी मूळ सेटिंग) उघडून बघायची तसदीसुद्धा कोणी घेतली नव्हती. याचा राग अजून जात नाही.

ट्रे उघडतो म्हणून ड्राइव्ह नीट लागलाय, असं होत नाही. लॅपटॉपच्या साटा (SATA, ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची पद्धत) डीव्हीडी ड्राइव्हच्या कनेक्टरवर ६ पिना विजेच्या आणि ७ डेटाच्या असतात. वीज पोचली की बटण चालतं, दिवा लागतो. डेटाचा संपर्क सुटलेला असला तरीही. म्हणून आधी बायोस किंवा बूट मेनू (कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी) बघा. तिथेच ड्राइव्हचं नाव नसेल तर विंडोज टाकून काय होणार?

मिंटमध्ये टर्मिनलवर एलएसबीएलके (lsblk, जोडलेल्या ड्राइव्हची यादी देणारी आज्ञा) चालवा. डीव्हीडी ड्राइव्हची, म्हणजे 'एसआर०'ची (sr0) ओळ डिस्क नसतानाही येते. ती दिसली तर ड्राइव्ह सापडलाय, दोष बहुधा डिस्कचा किंवा मळलेल्या लेन्सचा. फाइल मॅनेजरवर विसंबू नका, तिथला आयकन डिस्क घातल्यावरच येतो. ओळ नसेल तर सुडो लावून डीमेसेज (sudo dmesg, सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवा आणि 'साटा लिंक' (SATA link) शोधा. हा ड्राइव्ह लागलेला असेल तर बहुधा 'लिंक अप १.५ जीबीपीएस' येतं. हार्ड डिस्कचा आकडा ३ किंवा ६ असतो. 'लिंक डाउन' रिकाम्या पोर्टलाही येतं, तेवढ्यावरून मदरबोर्ड गेला असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आता लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही. बऱ्याच मॉडेलांत खालचा एकच स्क्रू काढला की ड्राइव्ह बाहेर सरकतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पिनांवर पांढरट-हिरवट थर धरतो. मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पूर्ण वाळू द्या, आणि ड्राइव्ह कडेशी सपाट होईपर्यंत आत दाबा. थोडा बाहेर राहिला तरी डेटाचा संपर्क सुटू शकतो. वॉरंटी असेल तर हे करू नका, आणि तुमचं मॉडेल मी पाहिलेलं नाही, हेही लक्षात घ्या.

चार्जरवर दिसतो आणि बॅटरीवर गायब होतो, असं असेल तर टीएलपीची (TLP, बॅटरी वाचवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) सेटिंग तपासा. बॅटरीवर बे (ड्राइव्हचा कप्पा) बंद करायची ओळ (BAY_POWEROFF_ON_BAT) १ असेल तर ० करा.

नवा ड्राइव्ह घ्यायची वेळ आली तर जाडी मोजून घ्या, ९.५ की १२.७ मिलिमीटर. जुन्याची पुढची पट्टी आणि मागची छोटी धातूची क्लिप फेकू नका, नव्याला तीच लावावी लागते.

आणि ड्राइव्ह चालू झाला की त्या लग्नाच्या डीव्हीडी आधी डीडीरेस्क्यूने (ddrescue, खराब डिस्कवरूनही जमेल तेवढा डेटा उतरवणारा प्रोग्रॅम) हार्ड डिस्कवर उतरवा, सेक्टर २०४८ बाइटचा ठेवून. घरी लिहिलेल्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर वर्षानुवर्षं टिकेलच असं नाही.