वही उघडण्यापूर्वी

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझे पत्र मिळाले. गडचिरोलीत राहून गोंडांच्या देवधर्माचा अभ्यास करण्याचे तू ठरवले आहेस आणि घरच्यांना ते नुसते रानात भटकणे वाटते, हे वाचून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. मानववंशशास्त्राच्या या शिक्षणावर बँकेत नोकरी लागते का, एवढाच त्यांचा प्रश्न असे.

निघण्यापूर्वी आपल्याच गावातल्या सेटलमेंट फ्री कॉलनीत एकदा सावकाश फिरून ये. हे नाव तू लहानपणापासून ऐकले आहेस. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला त्याच्या जन्मावरून गुन्हेगार ठरवले, पुढे अशा कुटुंबांना इथे तारेच्या कुंपणाआड ठेवून त्यांची हजेरी घेतली गेली, आणि १९५२ मध्ये कायदा देशभरातून गेला तरी लोकांच्या मनातला शिक्का गेला नाही, हे सारे त्या नावामागे आहे. हा शिक्का तयार करण्यात पोलिसांबरोबर जातीजमातींच्या चालीरीती टिपून ठेवणाऱ्या साहेबांचाही हात होता. आपल्या विषयाचे पूर्वज त्यांच्यातही आहेत, हे विसरू नकोस.

माझी पहिली चूक प्रश्नातच झाली होती. छापील प्रश्नावली घेऊन मी एका वृद्ध गोंड गृहस्थांसमोर बसले आणि ‘तुमचा देवावर विश्वास आहे का?’ असे विचारले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि मग मी जेवले आहे का, ते विचारले. तिथे विचारण्याजोगा प्रश्न ‘तुम्ही किती देवांचे?’ हा आहे, आणि तो ते आपसात नेहमी विचारतात. चार, पाच, सहा किंवा सात देव मानणारी कुळे असतात. एकाच संख्येची कुळे एकमेकांची भाऊबंद ठरतात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे ज्याला आपण धर्माच्या रकान्यात टाकू पाहतो, त्याच्यावरच मुलगी कुठे द्यायची आणि कुठून आणायची हेही ठरते. शिवाय कुळाच्या ‘पेन’ची, म्हणजे देवाची, कथा अनेक ठिकाणी गोंड स्वतः गात नाहीत, ती परधान, म्हणजे त्यांच्या कथा गाणाऱ्या वेगळ्या जमातीचा माणूस, किंगरी या तंतुवाद्यावर गातो. त्यामुळे केवळ गोंडांच्या घरी बसून गोंडांचा देव कळेल असे समजू नकोस. ‘श्रद्धा’ हा शब्द तर पहिले वर्षभर वहीत येऊच देऊ नकोस.

वर्षभर म्हणते ते मुद्दाम. नवे पीक, नवे फळ देवाला दाखवल्याशिवाय खायचे नाही, त्यासाठी ‘पंडुम’ हे सण होतात, आणि ते ज्याच्या त्याच्या हंगामात येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन येणाऱ्याला त्यांतले एखाददुसरेच दिसते. भाषेची मात्र फार धास्ती घेऊ नकोस. गोंडी द्राविडी कुळातली आहे, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात वाढलेल्या तुझ्या कानाला तिथली अंकमोजणी माझ्यापेक्षा लवकर ओळखीची वाटेल. मच्छरदाणी मात्र ने.

एक गोष्ट लिहायला मला अजून जड जाते. एका लेखात मी पेन कोणत्या झाडाशी ठेवतात ते सविस्तर छापले. पुढच्या वर्षी तिथे कॅमेरे घेऊन लोक पोचले. मी गेले तेव्हा चहा मिळाला, विचारपूसही झाली, पण त्या झाडाकडे मला पुन्हा कोणी नेले नाही. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांवर सोपवला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी नकार दिला. नियमराजा या देवाचा डोंगर म्हणजे काय, हे तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या हेतूने सांगितले. कोणाचे काय उघड करायचे, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला. तो लेख छापण्यापूर्वी विचारायला हवा होता.

जानेवारीत आपल्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे. मिरवणुकीत निघणाऱ्या उंच काठ्यांच्या सात नंदीध्वजांपैकी कोणाचा मान कोणाकडे, त्यांचा क्रम कसा, यात्रेतल्या लग्नविधीत अक्षता पडताना कोण कुठे उभे असते, हे विश्वासाबद्दल एकही प्रश्न न विचारता टिपून आण. जन्मापासून पाहिलेल्या यात्रेत तुला काय काय ठाऊक नव्हते, ते मला वाचायचे आहे. नोंदी कच्च्याच आण, सुधारून लिहू नकोस.

तुझ्या बाई