सान हुआनला जा, पण ऑक्टोबरात नको आणि त्या कार्डावर नको

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाने विचारलं आहे: लग्नाला दहा वर्षं होताहेत, ऑक्टोबरातल्या लाँग वीकेंडला बायको आणि सात वर्षांच्या मुलीसह कॅरिबियनमधलं एखादं जुनं राजधानीचं शहर बघायचं आहे. सान हुआन की सांतो दोमिंगो? सांतो दोमिंगो सगळं मिळून चारशे डॉलरने स्वस्त दिसतंय. सान हुआनचा अंदाज २,४०० डॉलर. क्रेडिट कार्डावर आधीचे ४,१०० बाकी आहेत, व्याज २४ टक्के, दरमहा २५० भरतो. बचत खात्यात ९,००० आहेत आणि तिथे दरमहा ३०० टाकतो. एच-१बी, म्हणजे अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा आहे, मुदतवाढ मिळालेली आहे, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का मात्र गेल्या वर्षी संपला.

तुमच्या पत्रात शिक्क्याचं वाक्य सगळ्यात शेवटी होतं. मी सुरुवात तिथूनच करतो.

सांतो दोमिंगोवर आत्ताच काट मारा. शहर सुंदर आहे यात शंका नाही. युरोपीयांनी अमेरिका खंडात वसवलेलं आणि आजवर सलग नांदतं राहिलेलं ते सगळ्यात जुनं शहर, तिथलं कॅथेड्रल सोळाव्या शतकातलं. पण ते डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे, म्हणजे दुसरा देश. मित्राने तुम्हाला सांगितलं की ‘तीस दिवसांच्या आत परत आलं तर जुना शिक्का चालतो’. ते अर्धंच खरं आहे. एच-१बीवाल्यांना ती सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जवळच्या बेटांची मुभा एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना असते, तुम्हाला नाही. परतीच्या विमानाच्या काउंटरवरच तुम्हाला थांबवतील आणि मग नवा शिक्का मिळवण्यासाठी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीची वाट धरावी लागेल. चारशे डॉलर वाचवायला जाऊन दोघांची भारताची तिकिटं आणि कदाचित नोकरीवरचे कित्येक आठवडे घालवाल.

सान हुआनचं तसं नाही. ते ज्या पोर्तो रिकोची राजधानी आहे तो अमेरिकेच्याच अखत्यारीतला प्रदेश आहे, तुमच्या जवळच्या नेवार्क विमानतळाहून जाणं म्हणजे देशांतर्गत विमान. तरी परतताना विमानतळावर कागद विचारू शकतात, म्हणून पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) आणि आय-७९७ (मुदतवाढीच्या मंजुरीचा कागद) हातातल्या बॅगेत ठेवा. तिकिटं काढण्याआधी कंपनीच्या वकिलाला एक मेल टाका, त्याला पैसे पडत नाहीत.

आता हिशेब. विमान ८७०, तीन रात्रींचं हॉटेल ७८०, जेवणखाण ५०० आणि इतर २५०, असे तुमचे २,४००. तुम्ही पाठवलेल्या हॉटेलच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात रोजची ४५ डॉलर रिझॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या भाड्यावर वेगळं घेतलं जाणारं शुल्क आहे, ती तुमच्या आकड्यात नाही. तीन दिवसांचे १३५ झाले. खोलीवर ९ टक्के कर, तो या फीसकट धरला तर ८२. जेवणाचंही तसंच. मेनूवर साठ डॉलर दिसतात, कर आणि टीप धरून पंचाहत्तर देऊन उठतो माणूस. म्हणजे ५०० चे ६२५. नेवार्कचं पार्किंग आणि बॅगांचे पैसे तर विसरलातच. सहल २,९०० च्या घरात जाते.

पाचशे डॉलरची चूक सगळ्यांचीच होते, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझी खरी हरकत कार्डावर आहे. कार्डावर बाकी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. तुमच्या विमानाच्या तिकिटावर व्याज सुरू होईल ते काढल्याच्या दिवसापासून, उडण्याच्या कितीतरी आधी. आज २५० च्या हप्त्याने तुमचे ४,१०० फिटायला वीस महिने लागतात आणि सुमारे ९०० डॉलर व्याज जातं. त्यात २,९०० घातले की बाकी ७,००० होते. पहिल्याच महिन्याचं व्याज १४०. म्हणजे २५० मधले फक्त ११० मुद्दलात जातात. असं करत फिटायला साडेतीन वर्षं आणि व्याज ३,३०० च्या वर. दोन्हींमधला फरक काढा: २,९०० ची सहल ५,३०० ला पडते. मुलगी तोवर अकराव्या वर्षाकडे आलेली असेल.

नवीन कार्ड काढून बोनस पॉइंटांवर जाण्याची तुमची कल्पना सोडून द्या. ते खेळ दर महिन्याला बिल पूर्ण भरणाऱ्यांचे.

मग २४ टक्के व्याज देत असताना बचत खात्यात ३०० टाकत राहण्यात काय अर्थ? मनाला बरं वाटतं एवढाच. तरी ९,००० मधून सगळे ४,१०० फेडा असंही मी सांगणार नाही. एच-१बीवर नोकरी गेली तर हातात असतात जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर घरभाडं, लीज मोडण्याचा दंड आणि तिघांची तिकिटं, हे सगळं त्या खात्यातूनच निघायचं. म्हणून २,५०० या महिन्यात कार्डावर टाका, ६,५०० ला हात लावू नका. उरलेल्या १,६०० वर ऑक्टोबरपासून २५० आणि ३०० मिळून दरमहा ५५० भरा. डिसेंबरअखेर कार्डाची बाकी जवळजवळ शून्यावर येते, राहिलंच तर थोडं जानेवारीत. मग जानेवारी ते एप्रिल तेच ५५० सहलीसाठी बाजूला, म्हणजे सुमारे २,२००. मे महिन्यापासून पुन्हा बचत खात्यात.

त्यासाठी सहल मेच्या पहिल्या पंधरवड्यात न्या. ऑक्टोबर तसाही वादळांच्या हंगामात येतो, तो जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. आणि वादळाला एकदा नाव मिळालं की त्यानंतर काढलेला प्रवासविमा त्या वादळासाठी सहसा उपयोगाचा नसतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हॉटेलवाल्यांची चांदी. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सान सेबास्तियान रस्त्यावर जत्रा भरते, तेव्हा जुन्या गावात पाय ठेवायला जागा नसते.

तीनऐवजी दोन रात्री राहा, रिझॉर्ट फी नसलेल्या साध्या गेस्टहाउसात, जुन्या गावातच. सहल २,२००-२,३०० मध्ये बसते. गाडी भाड्याने घेऊ नका. गल्ल्या अरुंद, पार्किंगची बोंब, आणि बघायचं ते सगळं पायी. एल मोरो किल्ल्याचं बांधकाम १५३९ मध्ये सुरू झालं. सान क्रिस्तोबाल हा स्पॅनिशांनी अमेरिका खंडात बांधलेला सगळ्यात मोठा किल्ला. दोन्हींचं मिळून एकच तिकीट, माणशी दहा डॉलर, चोवीस तासांत दोन्ही बघायचे, मुलीला फुकट. तुम्ही ‘टूर पॅकेज’ म्हणून १८० डॉलर लिहिले आहेत, त्यातलं बरंचसं हे वीस डॉलरमध्ये होतं. निळसर दगडांच्या रस्त्यांना तर तिकीटच नाही.

शाकाहारी असाल तर भात आणि राजम्यासारख्या घेवड्याच्या उसळीवर भागेल, पण त्यात बऱ्याचदा हॅम घातलेलं असतं, आधी विचारा. कच्च्या केळ्याचे तळलेले तोस्तोनेस सगळीकडे मिळतात आणि पोटभरीचे असतात. येताना सामानाची शेतकी तपासणी असते. आमच्या हिने बाजारातून हौसेने घेतलेले चार आंबे विमानतळावरच्या डब्यात गेले, आणि त्यावरून घरात झालेली चर्चा त्या सहलीच्या हिशेबात मी कधीच धरली नाही.

एल मोरोसमोरच्या मोठ्या हिरवळीवर वारा जबरदस्त असतो आणि सगळं गाव तिथे पतंग उडवतं. मुलीसाठी पतंग एडिसनमधूनच बॅगेत टाका.