बांबूच्या जुन्या फ्लाय रॉडची किंमत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : न्यूजर्सीत एका गराज सेलमध्ये 15 डॉलरला बांबूचा फ्लाय रॉड (खोट्या माशीचं आमिष लावून मासे पकडायची काठी) मिळाला. 9 फूट, तीन भाग आणि टोकाचा एक जादा भाग. मुठीजवळ ‘मॉन्टेग’ असं नाव आहे. जुना आहे म्हणजे बरेच पैसे येतील ना?

जुना म्हणजे महाग, हे गणित इथे चालत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्टेगच्या कारखान्यातून असे रॉड घाऊक निघाले, त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या रॉडलाही बहुधा शंभर डॉलरच्या आसपासच मिळतात. हजारांत जातात ते लेनर्ड, पेन या नामांकित कारागिरांचे किंवा एकट्याने रॉड घडवणाऱ्या एव्हरेट गॅरिसनसारख्यांचे. शिवाय आज गिऱ्हाईक 7-8 फुटी रॉड शोधतं, 9 फुटीला मागणी कमी.

तरी एक करा. सगळे भाग जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा आणि सांध्याच्या नळीत शिरणारा भाग सोडून टेपने मोजा. लांबी सारखी भरली पाहिजे. टोकाचा भाग दारात चेमटून हमखास मोडतो आणि मग लोक उरलेल्यावर दोरी ओवायची नवी कडी बसवतात. मी एकदा हौसेने घेतलेल्या रॉडचं एक टोक अडीच इंच आखूड निघालं. शेवटच्या कडीखालचा रेशमी दोरा बाकीच्यांपेक्षा ताजा, जास्त लाल होता. विकत घेताना मी तो पाहिलाच नव्हता. एवढ्यानेही किंमत निम्म्यावर येऊ शकते.

प्रश्न : पणजोबांचा हार्डी कंपनीचा ‘पालाकोना’ रॉड पुण्याच्या घरी माळ्यावर सापडला. वॉर्निश काळवंडलंय. सुताराकडून पॉलिश करून घेऊन विकावा का?

कृपा करून सुताराकडे देऊ नका! मूळ वॉर्निश, मूळ दोरे आणि त्यावरचं मूळ लिखाण, यांचेच पैसे मिळतात. सँडपेपर एकदा फिरला की ते परत येत नाही. मऊ, किंचित ओल्या फडक्याने धूळ पुसा, जर्मन सिल्व्हरच्या सांध्यांना चकाकी आणायला जाऊ नका.

इंग्लंडमधल्या ॲनिकची ही हार्डी कंपनी 1872 ची. महासीर मासे पकडणारे इंग्रज साहेब तिचे रॉड हिंदुस्थानात आणत, म्हणून आपल्याकडच्या जुन्या घरांत ते अजून सापडतात. रॉडवर क्रमांक असेल तर टिपून घ्या, त्यावरून साल लावता येतं. मग एका डोळ्याने रॉडच्या लांबीवर नजर लावून बाक पाहा. असा रॉड बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेला असतो. शेवटी त्या जोडांवर हलकेच नख फिरवा. जुन्या रॉडच्या पट्ट्या सरसाने चिकटवत आणि आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणात सरस सुटतो. नख कुठे अडकलं तर जोड उकललाय असं समजा. कापडी पिशवी आणि नळकांडं असेल तर जपा, पण दमट रॉड नळकांड्यात कोंबू नका.

आपल्याला जवळची एक गोष्ट सांगतो. चीनचा टोंकिन बांबू येण्याआधी असे रॉड ‘कलकत्ता’ बांबूचे करत. त्यावर भाजल्यासारखे तपकिरी डाग दिसतात. तुमच्या रॉडवर ते असतील तर मुळीच घासू नका.

प्रश्न : लाकडी पेटीत रॉडचे बरेच तुकडे, रंगीत दोरे, आमिषाच्या खोट्या माश्या. ‘मेड इन जपान’. याला काही किंमत आहे का?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक आठवण म्हणून असे संच घरी नेत. मासेमारीला ते फारसे कामाचे नाहीत आणि भावही किरकोळ. पेटी मात्र सुंदर असते, दिवाणखान्यात ठेवा.

प्रश्न : सांधा निघत नाही. आणि माझ्यासारखाच रॉड ऑनलाइन 1200 डॉलरला आहे, तो भाव धरू का?

पक्कड लावू नका, पिळूही नका. पिळलं की नळीच्या तोंडाशी बांबू फाटतो. दोघांनी समोरासमोर उभं राहून, प्रत्येकाने एक हात सांध्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे धरून सरळ रेषेत ओढा. तरीही हलला नाही तर बांबूचे रॉड दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

1200 ही मागणी झाली, कोणीही काहीही मागेल. लिलावांच्या संकेतस्थळांवर ‘विकले गेले’ अशी चाळणी लावा. तोच कारखाना, तेच मॉडेल, तीच लांबी आणि तशीच अवस्था जुळणारे तीन-चार सौदे मिळाले की त्यांच्या आसपासचा आकडा धरा. टोकाचा एकच भाग असेल तर त्याहून बराच खाली उतरा.