मुंबईत उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं. आम्ही मरता मरता वाचलो का?

नाही. तुम्ही लिहिलंय की चाकं टेकायला आली असताना विमान एकदम जोरात वर गेलं, पायलट "धावपट्टी मोकळी नव्हती" एवढंच बोलला, आणि आता तक्रार कुठे करायची हे तुम्हाला हवंय. शिवाय तुम्ही लिहिलंय, टॉवरमध्ये जो कोणी होता त्याला घरी पाठवला पाहिजे. त्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय. मी एकतीस वर्षं एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो आणि एकदा माझ्या चुकीने दोन विमानं खरोखरच नको तितकी जवळ आली होती.

तुमचं आधी सांगतो. ह्याला गो-अराउंड म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवता येते आणि उतरणारी-उडणारी सगळी विमानं तिच्यावरच बसवावी लागतात. पुढच्याने बाहेर पडायला दहा सेकंद जास्त लावले की मागच्याला वर जावं लागतं. वर गेलात म्हणजे काम बरोबर झालं. वर न गेल्यावर काय दिसतं ते जून २०२४ मध्ये मुंबईच्याच व्हिडिओत सगळ्यांनी पाहिलं: पुढचं विमान टेक-ऑफसाठी अजून धावतंय आणि त्याच धावपट्टीवर मागे दुसरं टेकतंय. विमानात धडक टाळणारं यंत्र, टीकॅस, असतंच की, असं लोक म्हणतात. जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली ते 'वर जा, खाली जा' सांगत नाही. तिथे माणसांनीच बघायचं असतं.

आता माझं. विमानतळाचं नाव लिहीत नाही. संध्याकाळची गर्दी होती, ॲप्रोच रडारवर, म्हणजे विमानतळाजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांवर लक्ष ठेवायला, मी. एकाच कंपनीची दोन विमानं उतरायला येत होती, एकाचा नंबर २३४, दुसऱ्याचा २४३. २४३ ला मी ९००० फुटांवर थांबवलं होतं, कारण खालून एक नुकतंच उडालेलं विमान ८००० पर्यंत चढत होतं. २३४ ला सांगितलं, ६००० वर या. रीडबॅक, म्हणजे पायलटने सूचना परत म्हणून दाखवणं, आला, ६०००. पण तो दिला २४३ ने. नेमकी तेव्हाच टॉवरची हॉटलाइन वाजली आणि माझा एक कान तिकडे गेला. मला ६००० ऐकायचं होतं, ते ऐकू आलं. नंबर डोक्यात शिरलाच नाही.

स्क्रीनवर विमानाच्या खुणेजवळ त्याची उंची शंभराच्या हिशेबात दिसते. ०९० चं ०८८ झालं, शेजारी खालचा बाण. पाठोपाठ त्याचं आणि खालून चढणाऱ्याचं, दोन्ही लेबलं लाल. त्याला वळवायला तोंड उघडतोय तोवर कानात पायलटचा आवाज आला, "टीकॅस आरए", म्हणजे यंत्राने 'वर जा' किंवा 'खाली जा' सांगितलंय आणि तो तेच करतोय. हे शब्द आले की कंट्रोलरने गप्प बसायचं. दोन विमानांची यंत्रं आपसात ठरवून एकाला वर काढतात, दुसऱ्याला खाली. मध्ये आपण बोललो तर घात. "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट", म्हणजे धोका टळला, असं येईपर्यंत मी बटणावरून अंगठा उचलून बसून राहिलो. वीस-पंचवीस सेकंद असतील. अंतर हवं होतं उभं १००० फूट, नाहीतर आडवं ५ नॉटिकल मैल. उरलं होतं ५०० फूट आणि दीड मैल.

आरए झाला की पायलट रिपोर्ट देतातच, लपण्यासारखं काही नसतं. पण टेपवर आवाज येतो, माझं लक्ष कुठे होतं ते येत नाही. मी ते लिहून दिलं. रोस्टरवरून उतरवलं, पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा परीक्षा, आणि त्या वर्षीची बढती गेली.

माझा मोठा भाऊ बँकेतून निवृत्त झालाय. दर गणपतीत, आरती होऊन पानं मांडेपर्यंत, त्याचा हाच विषय असतो. "पायलटने दुसऱ्याची सूचना घेतली, तू कशाला स्वतःचं नाव पुढे केलंस?" मी म्हणतो, दादा, १२ नोव्हेंबर १९९६ आठव. हरियाणात चरखी दादरीवर १४००० फुटांवर राहायचं विमान आणि १५००० वर थांबायचं विमान एकमेकांवर आदळलं, ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. दिल्लीच्या कंट्रोलरच्या रडारवर तेव्हा उंची दिसतच नव्हती. मला दिसत होती, तरी मी उशिरा पाहिली. हे कुणीतरी सांगायला नको?

दुसरं उदाहरण जपानचं. ३१ जानेवारी २००१. कंट्रोलरने एकाच्या जागी दुसऱ्याचाच नंबर घेऊन 'खाली या' म्हटलं. त्या विमानाचं टीकॅस वर जा म्हणत होतं, पायलटने कंट्रोलरचं ऐकलं. धडक थोडक्यात टळली, शंभरेक जण जखमी झाले. पायलटने ऐकायचं कुणाचं, हे तेव्हाच जगभर पक्कं व्हायला हवं होतं. १७ महिन्यांनी जर्मनीत युबरलिंगनवर पुन्हा तेच झालं आणि ७१ जण मेले, त्यात बहुतेक मुलं होती. जपानच्या दोघा कंट्रोलरांची शिक्षा २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दादा म्हणतो, "बघ, शिक्षाच झाली ना." अरे, म्हणूनच तर सांगतोय! खटले भरलेत तर पुढचा माणूस 'माझं लक्ष नव्हतं' हे कशाला लिहील?

माझ्या रिपोर्टनंतर काही महिन्यांत त्या कंपनीने २४३ चा नंबर बदलला. दादा म्हणतो एका नंबरपायी बढती घालवलीस. घालवली. तेच बरोबर होतं, आणि आज पुन्हा वेळ आली तरी तेच लिहीन.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट राहिली. दारू पिऊन किंवा नियम माहीत असून कुणी मुद्दाम मोडला असेल तर त्याला मी पाठीशी घालत नाही. आणि वर जाताना दुसरं विमान खिडकीतून खरंच अगदी जवळ दिसलं असेल तर गोष्ट वेगळी. मग तारीख, वेळ, फ्लाइट नंबर, तुमची सीट आणि कुठल्या बाजूला दिसलं हे डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, जरूर कळवा. काय दिसलं तेवढंच लिहा. कुणाला काढा, हे लिहू नका.