सलग निवडून येणारा आमदार नवख्याकडून कसा काय पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात-आठ वेळा निवडून आलेला आमदार, हाताशी कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेजं, आणि तरी राज्यात फारसं कोणी ओळखत नसलेला उमेदवार त्याला पाडतो. लोक एका रात्रीत फिरतात का?

फिरत नाहीत हो. पडलेल्या आमदाराची मतं बऱ्याचदा होती तिथेच असतात. विरोधातली मतं पहिल्यांदाच एका पेटीत पडलेली असतात.

संगमनेरच घ्या. काँग्रेसचे बाळासाहेब थोरात 1985 पासून 2019 पर्यंत सलग आठ निवडणुका जिंकले, त्यातली पहिली अपक्ष म्हणून. 2024 ला शिंदेंच्या शिवसेनेच्या अमोल खताळांनी त्यांना साधारण साडेदहा हजारांनी पाडलं. दिवसभर टीव्हीवर गड कोसळला, बालेकिल्ला ढासळला, वगैरे. पण त्याही दिवशी थोरातांच्या नावावर लाखाच्या वर मतं होती. 2014 लाही जवळपास तेवढीच होती, आणि तेव्हा ते अठ्ठावन्न हजारांहून जास्त फरकाने निवडून आले होते! त्या वर्षी भाजप-सेनेची युती तुटली होती आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. चारही पक्ष वेगवेगळे लढले, विरोधाची मतं तीन दिशांना गेली आणि लाखभर मतांवर विजय दणदणीत दिसला.

आता कोणी म्हणेल, 2019 ला तर भाजप-सेना एकत्र होती, मग तेव्हा का नाही पडले? बरोबर. तेव्हा उलट त्यांची मतं सव्वा लाखापर्यंत गेली. म्हणजे कागदावरची युती पुरत नाही, समोरच्या बाजूला कोणीतरी जीव तोडून लढणारं लागतं. 2024 ला ते होतं. शेजारच्या शिर्डीचे विखे आणि थोरात यांचं हाडवैर नगर जिल्ह्यात पोरासोरांनाही माहीत. सुजय विखेंनी संगमनेरात सभांवर सभा घेतल्या. जागा सेनेला सुटली तेव्हा भाजपमधले खताळ धनुष्यबाण घेऊन उभे राहिले. त्यात राज्यभर मतदान 61 टक्क्यांवरून 66 वर गेलं, लाडकी बहीण योजना होतीच. कारखान्याचे सभासद, संस्थांमधले कर्मचारी, त्यांची घरं ही मतं पक्की असतात, पण ती एका आकड्यापुढे वाढत नाहीत. मतदान वाढलं की वरची मतं कुठे गेली यावर निकाल लागतो.

अर्थात सगळीकडे असंच होतं असं नाही. काही ठिकाणी समोर तगडा माणूस आला की आमदाराचं चालत नाही. 2019 ला कर्जत-जामखेडमध्ये मंत्री राम शिंदेंना रोहित पवारांनी 43 हजारांनी हरवलं, तिथे उमेदवार पहिल्यांदा विधानसभा लढत होता तरी नवखा कोण म्हणेल! कुडाळला 2014 ला नारायण राणे वैभव नाईकांकडून पडले. त्याच नाईकांना त्यांनी 2009 ला हरवलं होतं. पडल्यावरही पाच वर्षं मतदारसंघ न सोडणं, लग्नं-दहावे न चुकवणं, हेही एक भांडवल असतं.

"आमदाराला आधी कळत नाही का?" हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. त्याच्याभोवती जी माणसं असतात ती ठेकेदार, पदाधिकारी, कोणाची तरी बदली करून घ्यायला आलेली. "साहेब, लीड किती एवढंच बघायचंय" हे वाक्य मी पडणाऱ्यांच्या ऑफिसातही ऐकलंय. दुसऱ्या फळीतला, वीस वर्षं सतरंज्या उचलून जिल्हा परिषदेचंही तिकीट न मिळालेला कार्यकर्ता मात्र तिथे नसतो. तो समोर जातोच असं नाही, पण मतदानाच्या दिवशी दुपारनंतर म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बूथपर्यंत आणायला गाडी काढत नाही.

मी मतमोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे बसलेलो आहे, तिथे हे उघडं पडतं. साधारणपणे टेबलं चौदा, म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रं. कंट्रोल युनिटवर आकडे येतात तसे आपण पॅडवर उतरवायचे. शेजारी मागच्या निवडणुकीची केंद्रवार यादी ठेवलेली असते. बाहेर "साहेब दोन हजारांनी पुढे" म्हणून गुलाल उधळला जात असतो, आणि आत साहेबांचा जुना माणूस गप्प झालेला असतो. कारण आत्ता मोजली ती साहेबांची हक्काची गावं, तिथे मागच्या वेळी सात हजारांचं लीड होतं. शहराच्या पेट्या अजून यायच्यात. साहेब पुढे असतानाच पडलेले असतात.

पुढच्या वेळी तुमच्या मतदारसंघात अंदाज बांधायचा असेल तर सभेची गर्दी मोजू नका, ती दोन्हीकडे तीच असते. अर्ज माघारीच्या दिवशी तीन वाजेपर्यंत कोणी माघार घेतली ते बघा. आमदाराच्या विरोधातले दोन-तीन बंडखोर मैदानात राहिले तर तो निवांत झोपतो. सगळे बसले, आणि बसल्यावर प्रचारालाही लागले, तर त्याने काळजी करावी.

आणि पडलेला संपतो असंही नाही. राम शिंदे 2024 ला पुन्हा रोहित पवारांसमोर उभे राहिले, 43 हजारांचा फरक 1,243 वर आणून हरले, आणि त्याच डिसेंबरात विधान परिषदेचे सभापती झाले.