श्रेयनामावली बाजूला ठेवा, भरतीची नोंदवही उघडा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारच्या 'ला शिएन' या बोलपटात (१९३१) ध्वनीच्या श्रेयात जोसेफ द ब्रतान्यसोबत मार्सेल कूर्म हे नाव येतं. हा माणूस आधी फ्रेंच सैन्यात वैमानिक होता असं तुमच्या वाचनात आलंय, पण विमानातून तो मायक्रोफोनपर्यंत कसा पोचला ते कुठेच सापडत नाही. तिकडच्या एका अभिलेखागाराला तुम्ही मेल केलीत, तर 'आपण त्यांचे वंशज आहात का?' एवढंच उत्तर आलं. त्याच पिढीतल्या दुसऱ्या एका ध्वनिमुद्रकाच्या मागावर मी बराच काळ घालवलाय आणि हेच वाक्य मलाही आलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गालिकावर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात, नाव टाकून पाहणं, जुन्या सिनेसाप्ताहिकांचे अंक चाळणं हे तुम्ही केलेलंच असणार, त्यात शिरत नाही. फक्त एक सांगते, 'कूर्म' नावाचं एक गाव फ्रान्सच्या आल्प-मारितीम विभागात (विभाग म्हणजे तिकडचा जिल्हाच म्हणा) आहे आणि आल्फ्रेद कूर्म नावाचा चित्रकारही होऊन गेला. नुसतं आडनाव टाकलंत तर पानंच्या पानं या दोघांचीच येतील. आडनावासोबत 'लेफ्टनंट', 'कॅप्टन' अशी फ्रेंच हुद्द्यांची नावं जोडून सरकारी राजपत्राच्या अंकांत शोधा. बढत्या आणि पदकं तिथे छापून येत.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही सिनेमाकडून सैनिकाकडे जाताय. माझं ठाम मत आहे की उलट जायला हवं. १९३०-३१ च्या श्रेयनामावल्यांवर विसंबून ध्वनीच्या माणसाचं चरित्र उभं राहतच नाही. पडद्यावर यंत्रणेच्या कंपनीचं नाव ठळक, आणि ते यंत्र चालवणारा नुसत्या आडनावाने, नाहीतर गायबच. मला याचा मनापासून राग येतो. 'ला शिएन'साठी रन्वारने पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या रस्त्यांवर तिथल्या तिथे आवाज मुद्रित करायचा हट्ट धरला. खाली रस्त्यावर गाणारे-वाजवणारे, भोवती बघ्यांची गर्दी आणि वर खोलीत खून, हा प्रसंग आजही अंगावर येतो तो त्या आवाजामुळे. त्या काळातली अवजड यंत्रं, सगळं पकडणारा मायक्रोफोन, रस्त्यावरची रहदारी, आणि नंतर आवाज निवडून मिसळायची सोय जवळपास नाहीच. हे ज्यांनी निभावलं त्यांच्याविषयी दोन ओळी मिळू नयेत? आपल्याकडे प्रभातच्या ध्वनिविभागामागे विष्णुपंत दामले होते हे आपण सांगू शकतो, कारण ते कंपनीचे भागीदार होते. पगारी माणसाचं नाव तिकडेही राहिलं नाही आणि इकडेही.

सैन्याने मात्र सगळं लिहून ठेवलंय. फ्रान्समध्ये पुरुषाचं वय वीस झालं की त्याचं नाव भरतीच्या नोंदवहीत चढायचं. जन्म १८८५ चा असेल तर १९०५ चा वर्ग, असं ते वर्ष धरायचं. आधी त्या वर्षाची नावांची यादी, तिथून त्याचा मत्रिक्युल (नोंदणी) क्रमांक, मग त्या क्रमांकाचं पान. बहुतेक विभागांनी ही पानं स्कॅन करून फुकट खुली केलीत, आणि 'ग्राँ मेमोरियाल' या सरकारी पोर्टलवरून अनेक विभागांत एकदम शोधता येतं. पानावर उंची, डोळ्यांचा रंग, व्यवसाय, पलटणी, जखमा, पदकं, सगळं असतं. तुमच्या कामाचा रकाना मात्र खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात असतो: माणूस वेळोवेळी कुठे राहायला गेला त्याची यादी. राखीव दलात असेपर्यंत पत्ता बदलला की कळवणं बंधनकारक होतं, म्हणून युद्ध संपल्यानंतरचे पत्तेही तारखेसकट तिथे येतात. माझ्या माणसाच्या पानावर शेवटची ओळ पॅरिसला लागून असलेल्या बिलांकूरची होती. ब्रोंबेर्झे-रिशबे कंपनीचा स्टुडिओ बिलांकूरला, 'ला शिएन' त्याच कंपनीचा. त्या एका ओळीने मला जे दिलं ते सिनेमाच्या डझनभर पुस्तकांनी दिलं नव्हतं.

आता माझ्या वाट्याला आलेल्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. माझा माणूस ज्या विभागात जन्मला तिथल्या अभिलेखागाराला मी लिहिलं. पहिलं उत्तर: नात्याचा पुरावा जोडा. मी कळवलं की नातं नाही, अभ्यास करतेय. दुसरं उत्तर: कागदपत्रांत वैद्यकीय माहिती असू शकते, कुटुंबाची संमती लागेल. मग एक फॉर्म, मग त्याच फॉर्मची नवी आवृत्ती, मग प्रतींचं शुल्क फ्रेंच बँकेच्या चेकनेच भरा. पुण्यात बसून फ्रेंच बँकेचा चेक कुठून आणायचा? आणि हे सगळं पार पडल्यावर शेवटी एका ओळीचं पत्र: या नावाचा इसम आमच्या नोंदवह्यांत नाही. का नाही, दुसरीकडे कुठे पाहावं, अवाक्षर नाही. कारण अगदी साधं होतं. नोंद जन्मगावावरून होत नसे, विसाव्या वर्षी घर कुठे होतं त्यावरून होत असे. त्याचं कुटुंब तोवर दुसऱ्या विभागात गेलं होतं आणि त्याचं पान त्या विभागाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुलं होतं. ही गोष्ट तिथल्या कारकुनाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. पहिल्याच मेलमध्ये हे एक वाक्य लिहिलं असतं तर माझं अख्खं वर्ष वाचलं असतं.

तेव्हा 'वंशज आहात का?' याला घाबरू नका. मी वकील नाही आणि नियम बदलतात, त्यामुळे स्वतः तपासून घ्या. पण तिथल्या सांस्कृतिक वारसा संहितेतलं (कोद द्यू पात्रिम्वान) कलम एल २१३-२ ढोबळमानाने असं सांगतं: खासगी आयुष्याशी संबंधित कागद पन्नास वर्षांनी खुले होतात. वैद्यकीय माहिती मृत्यूनंतर २५ वर्षांनी, आणि मृत्यूची तारीख माहीत नसेल तर जन्मानंतर १२० वर्षांनी. पहिल्या महायुद्धात उडणारा माणूस १९०० च्या आधीचा असणार, म्हणजे ही मुदत उलटून गेली. उत्तरात कलमाचा आकडा लिहा, बाकी काही नको. आपल्याला पत्रात आधी चार ओळी आदरभाव, मग आपली ओळख, मग संशोधनाचं महत्त्व, अशी सवय असते. ती सोडा. नाव, जन्मतारीख, वर्ग, भरती कार्यालय, हवं ते पान, बास. यंत्राने केलेलं भाषांतर आलियाँस फ्राँसेजमध्ये शिकलेल्या कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या.

जन्मतारीखच नसेल तर 'मेम्वार देझ ओम' या संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर लष्करी विमानदलातल्या माणसांची कार्डं आहेत, तिथून सुरुवात करा. तारीख मिळाली की जन्मनोंदीचं पान काढा आणि समासात काय लिहिलंय ते आधी वाचा. लग्नाची नोंद तिथे असते आणि १९४५ नंतर वारला असेल तर बहुधा मृत्यूचीही. लेजिओं दॉनर हा फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान मिळाला असेल तर 'लेओनोर' या डेटाबेसमध्ये पाहा. भरतीचं पान पॅरिसचं निघालं तर थोडा धीर धरा, तिथे एकाच शहरात अनेक भरती कार्यालयं होती आणि प्रत्येकाची यादी वेगळी चाळावी लागते. तो कायम सेवेतला अधिकारी असेल तर हे पान त्रोटक असू शकतं. मग मोठी फाईल व्हँसेनच्या किल्ल्यात, सैन्याच्या इतिहास विभागाकडे. ती प्रत्यक्ष जाऊन, आधी जागा आरक्षित करून बघावी लागते. पॅरिसमध्ये शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना गळ घाला.

आणखी एक, हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. विमानदलात होता म्हणजे विमान चालवतच होता असं धरू नका. निरीक्षक, तोफची, यांत्रिक, बलूनवाले, सगळे त्याच दलात. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हुद्द्यापेक्षा प्रशिक्षणात मिळेल. तोफखान्याला नेम सांगणाऱ्या विमानांतून बिनतारी मोर्स संदेश जात, विमानामागे लांब तार सोडलेली असे. जनरल फेरिए यांच्या लष्करी बिनतारी विभागाने १९१५ मध्ये 'टीएम' ही व्हॅक्यूम ट्यूब तयार करवून घेतली, आणि दुर्बळ विद्युत्संकेत मोठा करणं हे काम हजारो फ्रेंच सैनिक त्या युद्धात शिकले. दुसरीकडे ल्यूसिएँ बुल शत्रूच्या तोफेची जागा आवाजावरून ओळखायला गॅल्व्हानोमीटरच्या तारेचं थरथरणं सरकत्या पट्टीवर प्रकाशाने उमटवत होते. फिल्मच्या कडेला आवाज छापण्यामागेही हेच तत्त्व आहे. १९२९ मध्ये फ्रेंच स्टुडिओंत बोलपटाची यंत्रं इतकी अपुरी होती की 'ले त्रोआ मास्क' चित्रित करायला लंडनजवळच्या ट्विकनहॅमला जावं लागलं. वर्ष-दोन वर्षांत यंत्रं आली, ती हाताळणारी माणसं कुठून आणायची? तर बहुधा अशी, सैन्यात हे काम शिकलेलीच. म्हणून पानावर बिनतारी, दूरध्वनी किंवा तोफखान्याचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर ही साखळी कूर्मला लावू नका.

रन्वारबद्दलही तीच सावधगिरी. तो स्वतः पहिल्या महायुद्धात विमानदलात होता, आणि त्याच्या 'ला ग्राँद इल्यूझियों' चित्रपटात ज्याँ गाबाँ या नटाने त्याचाच जुना गणवेश घातलाय. त्यामुळे 'दोघे विमानदलातले दोस्त, म्हणून सिनेमात एकत्र' असं लिहायचा मोह होईल. दोघांची स्क्वॉड्रन आणि तारखा जुळल्याशिवाय ते लिहू नका. दलांच्या रोजनिशा त्याच 'मेम्वार देझ ओम'वर आहेत, पडताळता येतं.

जाता जाता: 'द ब्रतान्य' शोधताना रोमन 'D' आणि 'B' दोन्ही अक्षरांखाली पाहा, सूचींमध्ये त्याचा नेम नसतो. भरतीचं पान मिळालं की पत्त्यांचा रकाना मोठा करून इथे टाका. त्या कारकुनी अक्षराची मला आता सवय झालीय, लावून देईन.